मीटर बघतो

गल्लीतल्या प्रत्येक घरात तो गेला होता, पण एकाही घरात कधी बसला नव्हता. दार वाजवायचं, "मीटर बघतो" म्हणायचं, जिन्याखालचं नाहीतर दारामागचं कपाट उघडायचं, आकडा टिपायचा आणि निघायचं. वीज कंपनीच्या नोकरीत वीस-बावीस वर्षं त्याने हेच केलं आणि या दोन शब्दांवर घर चालवलं. बाकीचे शब्द त्याच्याकडे नव्हतेच असं नाही, पण ते घशाशी यायचे आणि तिथेच ठाण मांडून बसायचे. तो वाक्याला सुरुवात करायचा आणि समोरचा कंटाळून ते पुरं करून टाकायचा. बायको तर लग्नापासूनच त्याची वाक्यं पुरी करत आली होती, आणि तिने ती त्याच्यापेक्षा बरी केली हे तोही मान्य करी.

गल्ली त्याला मीटरवाले म्हणायची. तोही माणसांना चेहऱ्यांवरून कमी आणि मीटरवरून जास्त ओळखायचा. वरच्या मजल्यावरचं जोडपं वेगळं झालं हे गल्लीच्या आधी त्याला कळलं, कारण आकडा एकाएकी निम्म्यावर आला होता. पण ही बातमी त्याच्या पोटात अगदी सुरक्षित राहिली. सांगायची म्हणजे बोलायचं आलं ना!

मग नवी मीटर आली. ती भिंतीवर बसल्या जागेवरून आपला आकडा आपणच ऑफिसला कळवतात. त्यांना जिने चढावे लागत नाहीत, की त्यांचे गुडघे दुखत नाहीत. न बोलणाऱ्या माणसाच्या जागी बोलणारं मीटर आलं, यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्याला हसू आलं नाही. कंपनीने त्याच्या छातीवरचा बिल्ला काढून घेतला, हात हातात घेतला आणि सोडला. निळा शर्ट मात्र परत मागायला विसरले.

तेव्हापासून घर बायकोच्या पाठीवर होतं, आणि हे शब्दशः खरं होतं. ती पाळणाघरात कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांची पोरं उचलायची, खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. तिची पाठ कामातून गेली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे काम सोडा, नाहीतर एक दिवस वाकाल आणि मग उठता येणार नाही. ती हसून म्हणाली होती, "यांना काम लागलं की सोडते." डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं होतं. ती नजर तो अजून विसरला नव्हता.

त्याच सुमारास वस्तीच्या टोकाला, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या जमिनीवर, सामूहिक सोलर उभं राहू लागलं. लोक त्याला सोलरचं शेत म्हणायला लागले. ज्याला पॅनेल बसवायला स्वतःचं छप्पर नाही त्याने या शेतात वाटा घ्यायचा. वाट्याची वीज शेतातून थेट सरकारी तारेत जाणार आणि तेवढी तुमच्या बिलातून वजा होणार. जो तो सांगत होता, आता काम म्हणजे सोलरमध्ये, जा तिकडे.

तो गेला. पॅनेल बसवणाऱ्यांनी त्याचे गुडघे पाहिले आणि त्याला सावलीत बसून पाणी प्यायला सांगितलं. राखणदार नको होता, कॅमेरे लागले होते. पॅनेल धुवायचं काम मात्र मिळालं. तो मोठ्या उत्साहाने लांब दांड्याचा ब्रश घेऊन काचा घासू लागला, आणि महिना भरत आला तेवढ्यात ट्रॅक्टरला जोडलेला फिरता ब्रश आला. त्या दिवशी बादली परत करताना त्याला खरोखर रडू आलं. मीटर बोलायला लागली, ब्रश आपले आपण फिरायला लागले. मग माणसाने करायचं काय? बघत बसायचं?

बादली परत घेणाऱ्या कारकुनाने त्याला आत पाठवलं. आत एक तरुण मॅडम बसली होती. शेतातले वाटे खपवायचं काम तिच्याकडे होतं, आणि ते खपत नसल्यामुळे ती रडकुंडीला आली होती.

"काका, तुम्ही मीटर वाचायचात ना? लोक तुम्हाला दार उघडतात?"

"उघडतात."

"मग झालं! आम्हाला कोणी उघडत नाही हो. आम्ही वाजवतो आणि आतला टीव्ही बंद होतो." तिने खुर्ची पुढे ओढली. "तुमची ती जुनी गल्ली आहे ना, तेवढी आली की शेत भरतं. अख्खी यायला हवी, एकही दार सोडायचं नाही. तेवढं करा, मग इथेच पक्कं काम. सभासदांची सेवा, त्यांच्या अडचणी, चौकश्या. बसून काम."

बसून काम! त्याने घरी जाऊन हे सांगितलं तेव्हा बायको पोळपाट बाजूला ठेवून तशीच भिंतीला टेकली. मग म्हणाली, "म्हणजे मी पाळणाघरात कधी सांगू?"

"गल्ली झाली की..."

"गल्ली झाली की सांगते," तिने पुरं केलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात तालीम सुरू झाली. बायको दाराबाहेर त्याला उभं करायची आणि आतून आवाज द्यायची, "कोण आहे?" तो म्हणायचा, "मीटर बघतो." "मीटर नाही हो! सोलर! वाटा!" ती कपाळाला हात लावायची. "पुन्हा. कोण आहे?" शेजारच्या घरातली मंडळी आता हा खेळ ऐकायला वेळेवर जिन्यात यायला लागली होती.

गल्लीत तर कहर झाला. लोक दार उघडायचे, त्याला पाहायचे, सवयीने कपाटाकडे बोट करायचे आणि आत निघून जायचे. पोळी तव्यावर, पोर न्हाणीत, कोणाला वेळ आहे? तो कपाटापुढे उभा राहायचा. नवं मीटर त्याच्याकडे हिरवा दिवा लुकलुकवत बघायचं. तो आकडा वाचायचा, कपाट लावायचा आणि "येतो" म्हणून बाहेर पडायचा. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तळहातावर सगळे आकडे लिहिलेले होते आणि वाटा एकाचाही नव्हता. बायकोने तळहात पाहिला आणि हसता हसता तिच्या पाठीत अशी कळ आली की तिला धरून बसवावं लागलं.

मग एक दिवस त्याचा चांगला शर्ट वाळला नव्हता. बायकोने ट्रंकेतून तो निळा काढून दिला. धुऊन धुऊन विटला होता, फक्त छातीवर बिल्ल्याच्या जागी रंग अजून गडद होता. तो शर्ट घालून तो गल्लीतल्या टेलरच्या दुकानात शिरला आणि टेलरने, जो इतके दिवस मान वर करत नव्हता, मशीन थांबवलं.

"अरे वा, घेतलं का परत कामावर?"

"नाही, हे सोलरचं..."

"सोलरचं काम तुम्हाला दिलं! बरं केलं. कुठे सही करायची ते सांगा."

टेलरने सही केली, त्याच्या बायकोने केली, वरच्या मजल्यावरच्याने जिन्यात उभ्या उभ्या केली. हा आपला मीटरवाला, वीज कंपनीचा माणूस, याने कधी एक आकडा इकडचा तिकडे लिहिला नाही. तो सांगतोय म्हणजे करायचंच असणार. तो काहीही सांगत नव्हता, ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. मॅडमला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "काका, हाच शर्ट घालत जा."

आणखीही एक तिने बजावलं होतं. "विचारतील तेवढंच सांगायचं. समजावत बसलात की लोक बिचकतात." आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या स्वभावाला शोभेल असा हुकूम दिला होता. तो त्यावर खूश होता. टेलरकडे पुन्हा जाईपर्यंत.

टेलरच्या पावत्या द्यायला तो गेला तेव्हा टेलर शिवता शिवता म्हणाला, "एक बरं झालं. आता लाईट जायची भानगड नाही. ऐन घाईच्या वेळी मशीन बंद पडतं, गिऱ्हाईक डोक्यावर बसतं."

त्याच्या हातातला कागद तसाच राहिला. कारण त्याला माहीत होतं. उभं आयुष्य तारांच्या सोबतीत काढलेल्या माणसाला हे माहीत नसेल तर कोणाला असेल? शेतातली वीज काही वेगळ्या तारेने घरात येणार नव्हती. खांब तोच, तार तीच. तार मेली की सगळ्यांचीच मेली, वाटा असो की नसो. उलट तार मेली की शेतही आपोआप बंद पडतं, तारेवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून. वाट्याने बिल कमी होतं, अंधार कमी होत नाही.

"तसं नाही, तार जर..." तो म्हणाला.

"तार जर गेली तर जाऊ दे ना! सूर्य काय संपावर जातो?" टेलर स्वतःच्याच विनोदावर खूश झाला आणि त्याने मशीन पुन्हा सुरू केलं.

सूर्य संपावर जात नाही, हे वाक्य संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. तो ज्या दारात जाई तिथे त्याच्या आधी ते पोचलेलं असे. लोक त्यालाच ते ऐकवत. तो तोंड उघडे, आणि मग त्याच्या डोळ्यांपुढे बायको यायची, एका हाताने कंबर धरून दुसऱ्या हाताने बादली सरकवणारी. तो तोंड मिटून घेई. टेलरचं मशीन बंद पडेल, एखाद्याचा पंखा थांबेल. त्याने कोणाचं काय बिघडणार आहे? असं तो स्वतःला समजवायचा, आणि त्याला ते पटायचंही.

शेवटचं दार नर्सबाईंचं राहिलं. ते त्याने मुद्दामच शेवटी ठेवलं होतं.

नर्सबाई इस्पितळातून निवृत्त झाल्या होत्या आणि आता घरी एकाच रुग्णाची सेवा करत होत्या. त्यांचा नवरा जन्मभर बस चालवायचा. फुप्फुसं निकामी झाल्यापासून तो पलंगावर असे, नाकाला नळी, आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन घुर्रघुर्र करत हवेतून त्याच्यापुरता श्वास गाळून देत असे. मीटरचं कपाट त्याच्या पलंगामागेच होतं. मीटरवाला आला की ड्रायव्हर पलंगावरून एक हात काढायचा आणि तळवा हलवून त्याला साईड द्यायचा, जशी मागच्या गाडीला देतात. जा पुढे. हा त्या दोघांचा जुना विनोद होता. दोघांपैकी एकाला दम नव्हता आणि दुसऱ्याला शब्द नव्हते, त्यामुळे त्यांचं फार चांगलं जमायचं.

गल्लीत नर्सबाई एकट्याच अशा होत्या की त्याला "बसा" म्हणायच्या. तो कधी बसला नव्हता ही गोष्ट वेगळी. त्या दिवशी मात्र थांबावं लागलं, कारण त्यांनी कागद हातात घेतला आणि चष्मा लावून सगळा वाचला. वाचून झाल्यावर चष्मा काढून त्या म्हणाल्या, "भाऊ, बिलाचं मला फारसं नाही. मी हे एकाच गोष्टीसाठी घेतेय. ती बघा."

खिडकीखालच्या चांगल्या उजेडाच्या जागेत इन्व्हर्टर आणि त्याची ती भली मोठी बॅटरी बसली होती. लाईट गेली की ऑक्सिजनचं मशीन त्यावर चालायचं.

"तिला पाणी घाला, तिची गळती पुसा, तो ॲसिडचा वास. माझ्याच्याने होत नाही आता. आणि यांचा पलंग तिथे खिडकीशी लावायचाय. सहा वर्षं हा माणूस भिंत बघतोय, सगळं आयुष्य बसच्या काचेतून रस्ता बघण्यात गेलं त्याचं. भंगारवाला बॅटरी न्यायला तयार आहे."

पलंगावरून ड्रायव्हर त्याच्याकडे बघत होता, खिडकीच्या गोष्टीने त्याचा चेहरा उजळला होता.

"बॅटरी राहू द्या," तो म्हणाला.

"का?"

आता सांगायचं. एकच वाक्य होतं: लाईट जाणार, बाई, तुमचीही जाणार. ते वाक्य पुरतं तयार होऊन त्याच्या घशापर्यंत आलं. आणि मग त्याला दिसलं की हे वाक्य इथेच थांबणार नाही. नर्सबाई टेलरला सांगतील, टेलर गल्लीला सांगेल, आणि गल्ली एकेक करून कागद परत मागायला येईल. पाळणाघरात बायकोने कालच सांगून टाकलं होतं, गल्ली व्हायच्या आधीच. तिला धीर धरवला नव्हता. काल रात्री ती कित्येक महिन्यांनी उताणी झोपली होती.

"असू द्या अजून थोडे दिवस," एवढंच तो म्हणाला. "म्हणजे, ते..."

"शेत चालू होईपर्यंत. हो, तेही बरोबरच." नर्सबाईंनी त्याचं वाक्य पुरं केलं आणि सही केली. "तुम्ही म्हणताय तर ठेवते तोवर."

जिना उतरताना त्याने ठरवलं, पक्कं काम हातात आलं की त्याच पावली येऊन सांगायचं. तोवर बॅटरी आहे ना घरात? थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे. त्याने हे मनाशी इतक्यांदा म्हटलं की घर येईपर्यंत त्याला जवळजवळ बरं वाटायला लागलं.

शेत चालू झाल्याचं कळलं त्या दिवशी तो निळा शर्ट घालून ऑफिसात गेला. मॅडम खोकी भरत होती. तिच्या टेबलावरचा संगणक कोणीतरी उचलून नेत होतं.

"काका! कमाल केलीत तुम्ही. शेत भरलं!"

"मग आता काम..."

"तेच तर. काम संपलं." ती हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की तो हसत नाहीये. तिने हातातलं खोकं खाली ठेवलं. "काका, मी वरती विचारलं होतं. खरंच विचारलं होतं. शेत भरल्यावर इथे कोणीच लागत नाही म्हणाले. मलाही दुसरीकडे पाठवतायत."

"ती सभासदांची सेवा?"

"ती फोनवर. नंबर लावला की मशीन बोलतं." तिने मान खाली घातली. "पुढच्या शेताच्या वेळी पहिलं नाव तुमचंच."

रागवावं असं तिथे कोणी नव्हतंच. त्या मुलीच्या चेहऱ्यावर स्वतःचंच टेन्शन दाटलं होतं. तो बाहेर आला. पलीकडे सोलरचं शेत पसरलं होतं, ओळीच्या ओळी, सगळी एका दिशेला तोंड करून, स्वच्छ घासलेली. त्याला बायकोकडे जायचा धीर होत नव्हता. मग त्याला आठवलं की आता सांगायला हरकत नाही. गमावण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तो चालायला लागला, आणि मग गुडघ्यांची पर्वा न करता जवळजवळ पळायला लागला.

नर्सबाईंनी दार उघडलं. खिडकीखाली बॅटरी नव्हती. तिथे पलंग होता, आणि ड्रायव्हरच्या पायांवर ऊन पडलं होतं. तो बाहेरचा रस्ता बघत होता. मीटरवाला दिसताच त्याने तळवा हलवून साईड दिली.

"सकाळीच नेली," नर्सबाई म्हणाल्या. "शेत चालू झालं ना! बघा कसे खूश आहेत. बसा."

तो बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. तार एकच आहे, लाईट गेली की सगळ्यांची जाते, तुमचीही जाणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तुम्ही सही केलीत तेव्हाही माहीत होतं. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं ते असावं, आणि या वेळी कोणीही त्याचं एकही वाक्य पुरं करायला आलं नाही.

नर्सबाईंनी त्याच्या शर्टकडे, त्या गडद चौकोनाकडे पाहिलं.

"तुमच्यावर माझा विश्वास होता हो," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

तो तिथून तडक भंगारवाल्याकडे गेला. बॅटरी फोडून झाली होती, शिशाच्या पट्ट्या एका बाजूला आणि डबा दुसऱ्या बाजूला. दुकानं पालथी घातली. तशी बॅटरी शिल्लक नव्हती, मागवावी लागेल म्हणाले, येईल पुढच्या आठवड्यात. नर्सबाईंच्या घरात ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर होता, निम्मा वापरलेला. भरलेला मिळावा म्हणून त्याने दोन ठिकाणी हातापाया पडून पाहिलं. रिकामा आणा, भरलेला न्या, असं उत्तर मिळालं. आणि रिकामा करायचा कसा, तो तर एकुलता आधार होता.

घरी येऊन त्याने बायकोला नोकरीचं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाळणाघरात विचारायला गेली की माझी जागा अजून आहे का. होती. पोरं उचलायला माणूस अजून लागतो.

लाईट गेली तेव्हा वारा नव्हता, वादळ नव्हतं, काही नव्हतं. संध्याकाळी दिवे लागले होते आणि ते विझले. थोड्याच वेळात कोणीतरी त्याचं दार वाजवलं. सगळा जन्म दुसऱ्यांची दारं वाजवणाऱ्या माणसाला क्षणभर कळेचना की हे आपलंच दार आहे.

बाहेर गल्ली उभी होती. टेलरच्या हातात अर्धी बाही लावलेला सदरा होता. "काय हो मीटरवाले, सूर्य गेला का संपावर?" मागून कोणी म्हणालं, "त्या शेताला फोन लावा." आणखी कोणी म्हणालं, "फोनवर मशीन बोलतंय, आपला कॉल महत्त्वाचा आहे म्हणतंय." लोक हसतही होते आणि चिडलेही होते. बायको कंबरेवर हात ठेवून दारात उभी राहिली, आज पुरं करायला तिच्याकडेही वाक्य नव्हतं.

"वाट द्या," तो म्हणाला, आणि सगळ्यांच्या मधून निघाला. "नर्सबाईंकडे मशीन बंद असेल."

मग गल्लीला कळलं. हसणं जिथल्या तिथे थांबलं.

नर्सबाईंनी सिलिंडरची नळी लावली होती. नवऱ्याला उशांवर बसतं करून त्या त्याच्या पाठीमागे बसल्या होत्या, एका हाताने मास्क धरून आणि दुसऱ्याने त्याची छाती सावरून. अँब्युलन्सला फोन झाला होता. निघालीय, असं तिकडून सांगत होते. पुन्हा लावला, पुन्हा निघालीय. बायको टॉर्च घेऊन गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, गाडी चुकून पुढे जाऊ नये म्हणून. दोघं-तिघं खांबाकडे धावले. खांबाकडे धावून काय होणार, पण माणूस कुठेतरी धावतोच.

तो दारात उभा होता. तो डॉक्टर नव्हता, वायरमन नव्हता, कोणीच नव्हता. त्याला वाटलं, आपण इथून निघून जावं, आपल्याला बघून या बाईला आणखी त्रास होईल.

"भाऊ," नर्सबाई अंधारातून म्हणाल्या. "मला यांना सोडून उठता येत नाही. सिलिंडरचा काटा किती आहे?"

तो पुढे झाला.

"मीटर बघतो," तो म्हणाला.

तो गुडघ्यांवर बसला. त्या घरात तो प्रथमच बसला. मोबाईलचा उजेड काट्यावर धरून त्याने वाचलं. "निम्म्याच्या खाली आहे."

"तसाच धरा. मी विचारेन."

जिना माणसांनी भरला. मास्कमधून येणारा बारीक आवाज तेवढा ऐकू येत होता. नर्सबाई मधूनमधून विचारायच्या आणि तो सांगायचा. पावावर आला. पावाच्या खाली. काटा त्याच्या डोळ्यांदेखत सरकत होता आणि जगातल्या कुठल्याच गोष्टीने तो थांबत नव्हता. त्याने आजवर हजारो आकडे वाचले, पण एकही आकडा धरून ठेवावासा त्याला कधी वाटला नव्हता.

"आता?"

दारातून टेलरला राहवलं नाही. "आहे की, बराच आहे," तो घाईघाईने म्हणाला.

"मी त्यांना विचारतेय," नर्सबाई म्हणाल्या.

त्याने पाहिलं. खोटं बोलणं किती सोपं होतं! एक शब्द, आणि त्यांना थोडा वेळ तरी बरं वाटलं असतं.

"लाल रेघेला टेकलाय, बाई."

नर्सबाईंनी मान हलवली. त्यांनी नवऱ्याला आणखी जवळ घेतलं आणि नळीची किल्ली थोडी आवळली, आहे ते पुरवून वापरायला. ड्रायव्हरचे डोळे खिडकीकडे होते. बाहेर काही दिसत नव्हतं, फक्त लांब गल्लीच्या तोंडाशी बायकोची टॉर्च हलत होती, आणि तिच्यामागे रस्ता अजून रिकामा होता. ड्रायव्हरने चादरीवरून हात थोडासा उचलला, तळवा एकदा हलवला.

"किती?" नर्सबाईंनी विचारलं.

त्याने बघितलं आणि सांगितलं.